मौन म्हणजे नकार नव्हे

संपादक मंडळाने यंदाच्या अंकासाठी वैचारिक विभागात लेख मागविले, तेव्हा मी माझा विषय सांगितला : दूरदूर ठेवलेल्या संगणकांनी आपापसांत बोलण्याचे नियम. ऐकून मित्र हसले. ‘तू राज्यशास्त्राचा विद्यार्थी. तुला संगणकाचे काय पडले आहे?’ असे एकाने विचारलेही. सरांनी मात्र ‘लिही, पण आम्हाला समजेल असे लिही,’ एवढेच सांगितले. त्या एका वाक्याच्या आधारावर हे धाडस करीत आहे. काही चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

हा विषय मला पुस्तकात सापडला नाही. तो आमच्या गावच्या कंट्रोलच्या दुकानापुढे सापडला.

घनसावंगी तालुक्यातल्या एका लहानशा खेड्यातून मी या महाविद्यालयात आलो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील चौथीपर्यंत शिकले, आईला सही करता येते, आजीला तीही येत नाही. ती अंगठा देते. आमचे कार्ड अंत्योदयचे आहे. त्यावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि आईवडील नेहमीप्रमाणे ऊसतोडीला गेले. घरी आजी आणि धाकटी बहीण. त्यामुळे दुकानात अंगठा द्यायला जाणे आजीकडेच आले.

एका शनिवारी मी गावी गेलो, तेव्हा आजी दुकानाच्या ओट्यावर रिकामी पिशवी घेऊन बसली होती. त्या महिन्यातली तिची ती तिसरी खेप. दुकानदार ते छोटे यंत्र हातात धरून रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाई, कारण तिथे रेंज बरी मिळते. आजी त्याच्या मागोमाग जाई. ती यंत्रावर बोट टेकवी. पडद्यावर चक्र फिरत राही, फिरत राही, आणि शेवटी ‘अयशस्वी’ असा शब्द उमटे. आजीने बोट पदराला पुसले. पुन्हा टेकवले. पुन्हा तेच. मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘काहून रे बाप्पा, मह्या बोटाला काय झालं?’

साठ वर्षे कापूस वेचून आणि खुरपून आपली बोटे झिजली, म्हणून आता सरकारलाही आपण ओळखू येत नाही, असे तिने मनाशी धरले. दुकानदार वाईट माणूस नव्हता. ‘आजी, मशीन हो म्हनल्याबिगर मला माप टाकता येत न्हाई,’ असे तो खरोखरच ओशाळून म्हणाला. त्या दिवशी आम्ही शेजारून हातउसनी ज्वारी आणली. पुढच्या आठवड्यात आजी दिवस उगवायच्या आत जाऊन बसली. यंत्राने तेच बोट एका क्षणात ओळखले!

बोट तेच, यंत्र तेच, माणूस तोच. मग तीन वेळा नेमके अडले कुठे?

माझे मामेभाऊ छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीला आहेत. संक्रांतीला ते आले तेव्हा मी त्यांना हे सांगितले. दादा म्हणाले, ‘यंत्राने आजीला नाही म्हटलेच नसणार. पलीकडून उत्तरच आले नसेल. उत्तर न येणे म्हणजे नकार, असे यंत्राला शिकवले असले की असेच होते.’ जाताना ते आपले एक जाड पुस्तक माझ्याकडे ठेवून गेले. शब्दकोश शेजारी घेऊन दोन महिने ते मी ग्रंथालयात वाचले. त्यातील सारे समजले असा माझा दावा नाही. पण जे समजले, ते आपल्या सर्वांच्या कामाचे आहे असे मला वाटते.

एकच काम अनेक ठिकाणच्या संगणकांनी मिळून करायचे असेल, तर त्यांना एकमेकांशी निरोपांतूनच बोलावे लागते. गावातले यंत्र विचारते, ‘हे बोट अमक्याचे आहे का?’ दूरचा संगणक उत्तर देतो. वाटेत निरोप हरवू शकतो, दोनदा पोहोचू शकतो, मागचा पुढे येऊ शकतो, किंवा नुसताच रेंगाळू शकतो. सर्वांत कठीण गोष्ट अशी की, उत्तर आले नाही तर पलीकडचा बंद पडला आहे, की वाटच तुटली आहे, की उत्तर सावकाश येते आहे, हे अलीकडच्याला कळायला काही मार्ग नसतो. बाहेरगावी गेलेल्या माणसाचे पत्र आले नाही म्हणजे तो रागावला, आजारी पडला, की टपाल चुकले? घरी बसलेल्याने काय समजावे? अशा वेळी काय करायचे हे आधीच ठरवून ठेवावे लागते. असे ठरवून ठेवलेले नियम म्हणजे संवादाची नियमावली. इंग्रजी पुस्तके तिला प्रोटोकॉल म्हणतात.

आता प्रश्न असा की, ही नियमावली एकच, अखंड, सर्वांना सारखी असावी की तिचे सुटे घटक करून गरजेप्रमाणे जोडता यावेत? माझे मत दुसऱ्या बाजूला आहे, आणि तेच या लेखात मांडायचे आहे.

आपल्या टपाल खात्याचे उदाहरण घ्या. साधे पत्र स्वस्तात जाई. महत्त्वाचा कागद असेल तर रजिस्टर करीत. तो हाती पडल्याचा पुरावा हवा असेल तर पोचपावती जोडीत. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तरी ती पद्धत वडीलधाऱ्यांच्या लक्षात आहे. पत्ता लिहिण्याची रीत एकच, पोस्टमन तोच. पण खात्रीचा प्रत्येक गुण निराळा विकत घेता येई, आणि ज्याला नको त्याला त्याचा भुर्दंड पडत नसे. दिवाळीच्या शुभेच्छांनाही रजिस्टरची सक्ती केली असती, तर गरिबाने पत्रच लिहिले नसते.

संगणकांच्या जगातही हे शहाणपण अनुभवातूनच आले. १९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी निरनिराळी जाळी एकमेकांशी जोडणारी नियमावली मांडली. तिच्यात निरोपाचे पाकीट पत्त्यावर नेणे आणि हरवलेले पाकीट पुन्हा मागवून सारी पाकिटे क्रमाने लावणे, ही दोन्ही कामे एकत्र बांधलेली होती. कागदपत्र पाठवायला हे उत्तम. पण काहीजण त्याच जाळ्यावरून माणसाचा आवाज पाठवू पाहत होते. त्यांची अडचण झाली. बोलताना एखादे अक्षर गळाले तर ऐकणारा सावरून घेतो; पण ते एक अक्षर पुन्हा मागविण्यासाठी सारे बोलणे थांबवले, तर संभाषणच मरते. उशिरा आलेला आवाज न आल्यासारखाच. म्हणून १९७८ मध्ये ही कामे वेगळी केली गेली. पाकीट नेण्याचे काम तेवढे खाली ‘आयपी’कडे राहिले आणि खात्रीचे व क्रमाचे काम वर ‘टीसीपी’कडे गेले. १९८० मध्ये ज्यांना खात्रीपेक्षा वेग हवा त्यांच्यासाठी ‘यूडीपी’ हा हलका घटक आला. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या नव्या पद्धतीवर गेले. आजचे सारे इंटरनेट त्याच विभागणीवर उभे आहे.

पुढे संशोधकांनी हा विचार आणखी ताणला. ॲरिझोना विद्यापीठात १९८०च्या दशकात ‘एक्स-कर्नल’, आणि कॉर्नेल विद्यापीठात केनेथ बर्मन, रॉबर्ट व्हॅन रेनेसे आदींच्या गटाने १९९०च्या दशकात ‘होरस’ व नंतर ‘एन्सेम्बल’ या प्रणाली केल्या. त्यांच्यात नियमावलीचे लहान लहान घटक आहेत. एक घटक हरवलेला निरोप पुन्हा पाठवतो, दुसरा क्रम लावतो, तिसरा निरोप गुप्त ठेवतो, चौथा गटातील कोण हजर आणि कोण गैरहजर याचा हिशेब ठेवतो. ज्या कामाला जे हवेत, ते घटक एकावर एक रचायचे.

हे वाचताना मला आमच्या घरातली उतरंड आठवली. आजीच्या उतरंडीत प्रत्येक मडक्यात एकच जिन्नस. पण मडकी कशीही रचता येत नाहीत. खालच्याने वरच्याचा भार पेलला पाहिजे. इथेही तसेच. हरवलेले निरोप परत मागविणारा घटक खाली नसेल, तर सारे निरोप क्रमाने देणारा घटक वर ठेवून काय उपयोग? शिवाय मडकी वाढली की उतरंड उंच होते आणि हाताला लवकर काही लागत नाही. घटक जास्त झाले की काम मंदावते, आणि चुकीची रचना होण्याची भीतीही वाढते, हे दादांनी मला मुद्दाम बजावले होते. म्हणून सुटे घटक म्हणजे मोकाट सूट नव्हे. कोणता घटक कशावर बसतो हे जाणणारा माणूस हवाच.

यावर कोणी म्हणेल, ‘प्रत्येकाने आपापली रचना केली तर एकाचे दुसऱ्याला कळणार कसे? समानता हाही एक गुण नाही का?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्याची शिक्षा आपल्या जिल्ह्याने भोगलेली आहे. जालन्यावरून जाणारा मनमाड-काचीगुडा लोहमार्ग निजामाच्या काळात मीटरगेजचा घातला गेला. मनमाडला मुंबईचा मार्ग मोठ्या रुळांचा. आजोबा सांगत, मुंबईला जायचे तर मनमाडला बोचकी घेऊन गाडी बदलावी लागे. मालसुद्धा एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. १९९०च्या दशकात रूंदीकरण झाले तेव्हा कुठे हा जाच संपला.

पण या गोष्टीचा अर्थ नीट लावला पाहिजे. रुळांमधले अंतर ही जोडणीची जागा आहे. जोडणीच्या जागी फरक ठेवला, म्हणून घोटाळा झाला. रूळ एक झाले म्हणून काही सर्व डबे एकसारखे झाले नाहीत. त्याच रुळांवरून प्रवासी जातात, सिमेंट जाते, तेल जाते. मडक्यांची तोंडे एका मापाची असली, की आत काय ठेवायचे हे घरधनीण ठरवते. जोडणी सर्वत्र एक असावी आणि जोडले जाणारे घटक जागेप्रमाणे बदलता यावेत, हेच या शास्त्राचे सार आहे.

आम्हा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही कल्पना परकी वाटू नये. ७३व्या घटनादुरुस्तीने देशभर पंचायतींचे तीन स्तर घालून दिले. पण त्याच दुरुस्तीतील अनुच्छेद २४३ ख म्हणतो की, ज्या राज्याची लोकसंख्या २० लाखांहून अधिक नाही, त्याने मधला स्तर ठेवला नाही तरी चालेल. म्हणून महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद असे तीन स्तर आहेत; शेजारच्या गोव्यात मधला नाही. निवडणूक, आरक्षण, पाच वर्षांची मुदत ही जोडणी सर्वत्र एक. मधले मडके मात्र जागा पाहून. आपल्या घटनाकारांना आणि संसदेला जे कळले, ते यंत्रे करणाऱ्यांना सांगण्याचा अधिकार आपल्याला का नसावा?

आणि हे करता येते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय भरणा महामंडळाने ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय सुरू केले. महाविद्यालयासमोरच्या टपरीवर आपण चहाचे पैसे देतो ते त्याच मार्गाने. ते चालते स्मार्टफोनवर आणि इंटरनेटवर. पण साध्या बटणांच्या फोनवर *९९# फिरवून इंटरनेटशिवायही पैसे पाठविता येतात, आणि मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ने मिस्ड कॉलची, बोलून व्यवहार करण्याची वाटही उघडली. बँकांमधला मूळ व्यवहार तोच ठेवून निरोप वाहून नेणारा घटक तेवढा बदलला. माझ्या वडिलांकडे बटणांचाच फोन आहे, म्हणून मला याचे मोल अधिक वाटते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पैशाच्या व्यवहारात उत्तर आले नाही, तर त्या मौनाचा अर्थ काय घ्यायचा हे लिहून ठेवलेले आहे. रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक सांगते की, यूपीआयने पाठविलेले पैसे एका खात्यातून वजा झाले आणि दुसऱ्या खात्यात जमा झाले नाहीत, तर फार तर पुढच्या एका दिवसात ते परत आले पाहिजेत. त्याहून उशीर झाला तर ग्राहकाला दर दिवसाचे १०० रुपये द्यावे लागतील. म्हणजे मौनाची किंमत बँकेने भरायची, ग्राहकाने नव्हे.

धान्याच्या बाबतीतही नियम नाही असे नाही. केंद्र सरकारच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने २०१७ मध्येच राज्यांना लेखी कळविले आहे की, जोडणी नाही, ठसा जुळत नाही, अशा कारणांवरून पात्र माणसाला धान्य नाकारू नये. अपवाद म्हणून वहीत नोंद करून ते द्यावे. पण हा नियम कागदावर राहिला. आमच्या गावात त्या शनिवारी यंत्राच्या बोलण्यात तो नव्हता, आणि बिचाऱ्या दुकानदाराला तो ठाऊक नव्हता. त्यामुळे मौनाची किंमत भरली आजीने, तीन खेपा घालून.

२००० साली एरिक ब्रूअर या शास्त्रज्ञाने एक विधान मांडले आणि २००२ मध्ये सेठ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी ते गणिताने सिद्ध केले. सोप्या भाषेत सांगायचे तर असे : वाट तुटलेली असताना ‘सगळीकडचा हिशेब सदैव तंतोतंत जुळलेला’ आणि ‘आलेल्या प्रत्येकाचे काम तिथल्या तिथे’ या दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. एक सोडावी लागते. कोणती सोडायची हे गणित सांगत नाही. ते माणसाने ठरवायचे असते. कोणाच्या खात्यातून एक लाख रुपये काढायचे असतील, तर वाट जुळेपर्यंत थांबणे योग्य. पण म्हातारीच्या महिन्याच्या धान्याचा प्रश्न असेल, तर हिशेब दोन दिवसांनी जुळला म्हणून आभाळ कोसळणार आहे का? दोन्ही कामांना एकच अखंड नियम लावणे, याला मी समानता म्हणत नाही. ज्याच्या गावात उंच मनोरा आहे त्याच्या सोयीने केलेला तो नियम आहे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. ‘ठसा जुळला नाही’ आणि ‘उत्तर आले नाही’ या दोन गोष्टी यंत्राने दोन निराळ्या शब्दांत, मराठीत सांगाव्यात. उत्तर आले नाही तर काय करायचे, हा घटक सुटा असावा आणि गाव पाहून तो ठरवता यावा. जिथे रेंज टिकत नाही तिथे त्या दुकानाच्या कार्डांची महिन्याची यादी यंत्रातच ठेवावी, धान्य द्यावे, आणि वाट जुळली की वर कळवावे.

‘मग दुकानदार लबाडी करील,’ असे म्हणणारे भेटतील. करीलही. लबाडी रोखण्यासाठीच तर हे यंत्र आले, हे मी विसरलेलो नाही. पण महिन्याच्या वाट्याहून अधिक धान्य तसे देताच येणार नाही, अशी मर्यादा यंत्रात घालता येते. शिवाय २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दक्षता समित्या आहेत, सामाजिक अंकेक्षण आहे. चोर पकडण्याचे काम त्यांनी करावे. ते काम रेंजवर सोपवले, तर चोर सुटतो आणि आजी अडकते.

मित्रहो, हे विषय विज्ञान शाखेचे आहेत असे समजून आपण बाजूला बसतो. परंतु यंत्रांनी कसे बोलावे हे ठरवताना कोणी तरी असे ठरवते की, शंकेचा फायदा कोणाला द्यायचा. हा न्यायाचा प्रश्न आहे, भाषेचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो आपल्या वर्गातला प्रश्न आहे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. अनेक लहान प्रक्रियकांना एकमेकांशी बोलायला लावून एक मोठे काम करून घेणारे ते यंत्र होते. त्या कार्याचे धुरीण विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातले. आपल्या मातीतला माणूस यंत्रांना बोलायला शिकवू शकतो, तर काय बोलावे हे सुचविणे आपल्याला का जमू नये?

मी माझ्यापुरते ठरवले आहे. २०१७ च्या त्या सूचनेची प्रत मी काढून ठेवली आहे. १ मेच्या ग्रामसभेपर्यंत आईवडील ऊसतोडीवरून परतलेले असतील. त्या सभेत ती सूचना मोठ्याने वाचून दाखवावी आणि दुकानाच्या भिंतीवर लावण्याचा ठराव मांडावा, असा विचार आहे. ठराव होईल की नाही, ठाऊक नाही. सभेत बोलण्याची मला सवय नाही, हेही खरे.

आजीला मात्र मी एक गोष्ट सांगून टाकली आहे, की तिच्या बोटाला काही झालेले नाही. तिचा अजून विश्वास बसलेला नाही. अजूनही दुकानाकडे निघताना ती बोट पदराला दोनदा पुसते.

— बी. ए. द्वितीय वर्ष